आधी ताट, मग पेला

वाचकहो, अलीकडे माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "डॉक्टर, मुलगा युरोप दाखवायला नेतो म्हणतोय, गोळ्या किती दिवसांच्या बरोबर घेऊ?" मी हिशेब करून गोळ्या लिहून देते, प्रवासात जवळ ठेवायची चिठ्ठी देते, विमा काढला का तेही विचारते. परंतु "तिकडे जेवण किती वाजता मिळते?" असे आजवर एकाही रुग्णाने मला विचारलेले नाही. गेल्या ऑक्टोबरात आईवडिलांना घेऊन मी इटलीच्या द्राक्षप्रदेशात गेले, तेव्हा मीही ते कोणाला विचारले नव्हते. त्या चुकीची किंमत माझ्या वडिलांना एका दुपारी मोजावी लागली. तो प्रसंग, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत तेथे कोठे, केव्हा आणि काय खावे-प्यावे याचे जे ज्ञान झाले, ते आपल्यापुढे ठेवते.

इटलीच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी पिएमोंते हा प्रांत आहे. तुरीन ही त्याची राजधानी. तेथून गाडीने सुमारे तासाभरात तानारो नदीकाठचे आल्बा हे टुमदार गाव लागते आणि त्याच्या भोवती लांगेच्या टेकड्या सुरू होतात. डोळा जाईल तेथवर द्राक्षवेलींच्या रांगा, प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एखादे गाव, गावात एक मनोरा. येथे नेब्बिओलो जातीचे काळे द्राक्ष पिकते. त्यापासून होणाऱ्या दोन प्रसिद्ध वाइन त्यांच्या गावांच्या नावानेच ओळखल्या जातात : बारोलो आणि बार्बारेस्को. या टेकड्यांना युनेस्कोने २०१४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

माझे वडील, अण्णा, ७९ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात त्यांनी चाळीस वर्षे द्राक्षबाग सांभाळली. सारी खाण्याची द्राक्षे. तुरीनला शिकणाऱ्या नातवाला त्यांनी फोनवर एकच मागणी केली होती. "देवळं-राजवाडे तुझ्या आजीला दाखव. मला ते लोक द्राक्षाचं काय करतात ते बघू दे, आणि एकदा चाखू दे." अण्णांना बावीस वर्षांचा मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाचीही एक आहे. म्हणून निघण्यापूर्वीच मी बजावले, "अण्णा, बाग बघा. चाखणं नाही." ते "बरं" म्हणाले. अण्णा नुसते "बरं" म्हणतात तेव्हा त्यांना ते पटलेले नसते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

ती दुपार

पहिल्या दिवशी सकाळी आठला न्याहारी आणि गोळ्या घेऊन आम्ही तुरीनहून निघालो. भाच्याने चालकासह गाडी ठरवली होती. आल्बामध्ये शनिवारचा बाजार भरला होता. शिवाय शरद ऋतूत तेथे पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अतिमहाग अळंबीची, जत्रा असते. गर्दीतून आईला गुडघे सांभाळत चालवायचे म्हणजे वेळ लागणारच. मग बारोलो गाठले. तेथील किल्ल्यात वाइनचे संग्रहालय आहे. बारोलो म्हणून विकण्यापूर्वी ती वाइन निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात, हे ऐकून अण्णा म्हणाले, "आपला माल तीन दिवस पडून राहिला तर व्यापारी भाव पाडतो." आम्ही हसलो. बाहेर आलो तेव्हा पावणेतीन वाजले होते.

समोरच्या खाणावळीत गेलो, तर वाढपी नम्रपणे म्हणाला, स्वयंपाकघर बंद झाले. दुसरीकडे तेच, तिसरीकडे दारच लावलेले. पुन्हा केव्हा उघडणार? संध्याकाळी साडेसातला. आम्ही पिशवीतली दोन-दोन बिस्किटे खाल्ली. पुढे ला मोर्रा या उंचावरच्या गावातून साऱ्या टेकड्यांचे दर्शन घडते असे ऐकले होते. तेथे काही मिळेल म्हणून निघालो.

ला मोर्राच्या वरच्या चौकात चढून पोहोचलो आणि अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. हवा गार असताना त्यांच्या कपाळावर घाम होता. आईने काही विचारले, तर ते तिच्यावर उगाच खेकसले. मी "अण्णा, बसता का?" म्हटले, त्याला त्यांनी भलतेच उत्तर दिले, शब्द जड, पाय अडखळते. शेजारून जाणारे एक जोडपे समजूतदारपणे हसले. वाइनच्या गावात लडखडणारा म्हातारा म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी माझ्याही मनात तोच विचार आला. संग्रहालयाखालच्या दुकानात मी आईबरोबर पाच मिनिटे बाजूला गेले होते. तेवढ्यात अण्णांनी गुपचूप घेतली तर नाही? मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. मग मात्र माझ्यातली डॉक्टर जागी झाली : आठची न्याहारी, त्यासोबत ग्लिमेपिराइड, दुपारचे जेवण नाही, वर चढण. आता चार वाजत आले होते.

साखर मोजायचे यंत्र खाली गाडीत राहिले होते. चौकालगत एक 'बार' होता. आपल्याकडे या शब्दाने भुवया उंचावतात. इटलीत मात्र बार म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे असणारे कॉफीचे दुकान. तेथे कॉफी, दूध, फळांचा रस, भाजलेला पाव सगळे मिळते. आत शिरून मी एवढेच म्हटले, "दियाबेते." काउंटरमागच्या बाईंनी पुढचे काही विचारले नाही. कॉफीसोबत ठेवतात त्या साखरेच्या पुड्या त्यांनी मूठभर पुढे केल्या आणि पीचच्या रसाची बाटली उघडली. तीन पुड्या पाण्यात कालवून अण्णांना पाजल्या, वर थोडा रस दिला. भाचा यंत्र घेऊन आला तेव्हा, साखर पोटात गेल्यावरही, आकडा ५२ होता. पंधरा मिनिटांनी ८४. मग त्या बाईंनी चीज घातलेला गरम टोस्ट आणून ठेवला. तो खाऊन अण्णांचा चेहरा पूर्ववत झाला.

गाडीत बसल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू मला दारूपासून लांब ठेवलंस ते ठीक. पण जेवणापासूनही ठेवलंस की गं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पेल्यावर पहारा दिला आणि घड्याळाकडे पाठ फिरवली होती.

कोठे, केव्हा, काय

त्या रात्री आम्ही पुढचा सारा कार्यक्रम दुपारच्या जेवणाभोवती नव्याने बांधला. आपणही ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल, तर तेथील वेळापत्रक आधी समजून घ्या. खाणावळींची स्वयंपाकघरे साधारणपणे दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतरच चालू असतात. लहान गावांत आठवड्याची एक सुट्टी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रफलच्या जत्रेमुळे जागा मिळत नाही. तेव्हा आदल्या दिवशी दूरध्वनी करून साडेबाराचे टेबल राखून ठेवा. दुपारचे जेवण मुख्य आणि रात्रीचे हलके, हा ज्येष्ठांचा सवयीचा क्रम तेथे सहज पाळता येतो.

पाट्यांचे अर्थही ठाऊक असावेत. 'रिस्तोरान्ते' म्हणजे रीतसर भोजनगृह. 'त्रात्तोरिया' आणि 'ओस्तेरिया' या साध्या, घरगुती वळणाच्या खाणावळी. पिएमोंतेत जुन्या धर्तीच्या गुत्तावजा खाणावळीला 'पिओला' म्हणतात. 'आग्रितुरिस्मो' म्हणजे शेतकऱ्याच्या वाड्यावरचे जेवण आणि मुक्काम. ज्येष्ठांसाठी मला हेच सर्वांत सोयीचे वाटले, कारण पदार्थ मोजके असले तरी गाडी दारापर्यंत जाते आणि जेवून थोडा वेळ सावलीत टेकता येते. 'एनोतेका' म्हणजे वाइनचे दुकान. तेथे चाखायला मिळते, पण पोटभर जेवण असेलच असे नाही. अण्णांसारख्या रुग्णाला उपाशीपोटी न्यायची ती जागा नव्हे. 'पानेत्तेरिया' म्हणजे पावाचे दुकान. सकाळीच तेथून काही घेऊन पिशवीत ठेवावे. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसला तर दचकू नका; तो पाव आणि मांडामांडीचा आकार असतो.

ताटात काय घ्यावे? टेबलावर प्रथम येतात त्या 'ग्रिस्सीनी', तुरीनच्या पावाच्या खुसखुशीत काड्या. कवळी असलेल्यांनाही त्या चालतात. 'तायारीन' हा अंड्याच्या बलकात मळलेला केसासारखा बारीक पास्ता. लोणी आणि सेजच्या पानांसह तो मऊ आणि पचायला बरा. 'अन्योलोत्ती देल प्लिन' म्हणजे चिमटीने मुडपलेल्या इवल्या करंज्या, बहुधा मांसाच्या सारणाच्या. 'बान्या काउदा' या लसूण-तेलाच्या गरम चटणीत खारवलेले अँचोवी मासे असतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी ती बोटभरच घ्यावी. शेवटी हेझलनटचा केक. त्याचा एक तुकडा तिघांत.

आई पूर्ण शाकाहारी. अंडेही खात नाही. तिच्यासाठी आम्ही तीन गोष्टी शिकलो. पहिली, ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, तर वाळवलेला पास्ता सहसा नुसत्या गव्हाच्या रव्याचा असतो. दुसरी, 'पेपेरोनी' म्हणजे तेथे ढोबळी मिरची. परंतु तीवर अनेकदा माशांची चटणी घातलेली असते, म्हणून "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे", मांस नको, मासे नको, असे दोन्ही सांगावे. तिसरी, पार्मिजानोसारख्या कठीण चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात. हे मी तिला सांगितले आणि तिने ते शांतपणे ताटाच्या कडेला सारले. पण मक्याच्या पिठाचा 'पोलेन्ता' लोणी आणि अळंबीसह आला, तेव्हा तिने तो मागून घेतला. "आपल्या उकडीसारखाच आहे," हा तिचा अभिप्राय. त्यासोबत 'कुन्या' नावाची, द्राक्षाचा रस आटवून त्यात फळे आणि हेझलनट घालून केलेली दाट गोड चटणी होती. मद्याचा थेंबही न घेता तिने द्राक्षभूमीची चव घेतली.

मद्य ज्यांना पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी गोड पदार्थांविषयीही विचारून घ्यावे. 'बोनेत' या कोको आणि बदामी बिस्किटांच्या पुडिंगमध्ये बहुधा रम असते, 'झाबायोने'मध्ये गोड वाइन. "सेन्त्सा अल्कोल" हे शब्द पाठ असू द्या.

पेल्याविषयी, एक डॉक्टर म्हणून

आता मूळ प्रश्न. हृदयासाठी रेड वाइन चांगली असते ना, असे मला पुष्कळदा विचारले जाते. माझे उत्तर स्पष्ट आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. जे घेत नाहीत त्यांनी तेथे जाऊन सुरू करण्याचे काहीही कारण नाही. वाइन पिकवणाऱ्या इटलीतील आरोग्य यंत्रणाही ६५ वर्षांपुढील व्यक्तींना दिवसाला एका मापापेक्षा, म्हणजे शुद्ध मद्याच्या सुमारे १२ ग्रॅमपेक्षा, अधिक नको असेच सांगते.

हे माप किती लहान आहे ते पाहा. बारोलोमध्ये मद्याचे प्रमाण बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असते. १२५ मिलिलिटरच्या एका पेल्यातच सुमारे १४ ग्रॅम मद्य होते. चाखण्याच्या कार्यक्रमात चार वाइन, प्रत्येकी ४० मिलिलिटर ओतल्या, तर "नुसते चाखले" म्हणता म्हणता जवळजवळ १८ ग्रॅम पोटात जाते. मोस्कातो दास्ती ही तेथली गोड, फसफसणारी वाइन साधारण ५ टक्क्यांची; पण तिच्यातली साखर मधुमेह्यांना नडते. चाखून थुंकण्यासाठी प्रत्येक ठिकाणी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात कमीपणा नाही. जाणकार तेच करतात.

वयानुसार शरीरातील पाण्याचा अंश घटतो, म्हणून तेवढ्याच पेल्याने रक्तातील मद्य अधिक चढते. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविके चालू असतील तर पेला नकोच. यकृताचा विकार किंवा वारंवार तोल जाण्याची तक्रार असेल तरीही नको. मधुमेहात धोका वेगळा आहे. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत साखर तयार करून रक्तात सोडते. मद्य यकृताचे हे काम रोखते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामे असेल, तर साखर झपाट्याने उतरते, कधी कित्येक तासांनी, मध्यरात्रीसुद्धा. म्हणून त्या दिवशी रात्रीचे जेवण टाळू नये आणि झोपण्यापूर्वी साखर मोजावी.

सोबत जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. साखर उतरलेला माणूस आणि प्यायलेला माणूस सारखेच दिसतात. घाम, चिडचिड, जड जीभ, अडखळती चाल. शंका आली तर आधी साखर द्या, मग चौकशी करा. १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सुधारणा नसेल तर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर काही खायला घाला. चॉकलेट देऊ नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांच्या खिशात ग्लुकोजच हवे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ११२ हा क्रमांक फिरवा. आणि मोजायचे यंत्र गाडीत नव्हे, गळ्यातल्या पिशवीत ठेवा.

बार्बारेस्कोचे जेवण

तिसऱ्या दिवशी आम्ही बार्बारेस्कोला गेलो. त्या छोट्या गावाच्या जुन्या मनोऱ्याला आता उद्वाहक आहे. आईच्या गुडघ्यांनी त्याला दुवा दिला. वरून तानारो नदीचे वळण आणि टेकड्या दिसतात. सान दोनातोच्या जुन्या चर्चमध्ये आज एनोतेका आहे. १९५८ साली येथील धर्मगुरूने १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी वाइनगृह उभे केले, हे कळल्यावर सहकारात हयात घालवलेले अण्णा त्या इमारतीसमोर थोडा वेळ थांबले. मी मात्र घड्याळ पाहत होते. साडेबाराला आम्ही नेइवेच्या वाटेवरील एका शेतकऱ्याच्या वाड्यावर टेबलाशी बसलो होतो.

घरमालक सत्तरीचे. अण्णांचे हात पाहून त्यांनी काय ओळखले कोण जाणे, त्यांना बाहेर बागेत घेऊन गेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांनी दोन बोटांची कात्री करून दोन वेळा छाटणी दाखवली, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. त्या गृहस्थांनी एकच बोट वर केले. त्यांच्या वेली हिवाळ्यात झोपतात. छाटणी एकदाच, पीकही एकच. आपल्याकडे वेल झोपतच नाही. अण्णा परत आले ते म्हणत, "यांच्या वेलीला विश्रांती असते."

मी त्यांची साखर मोजली, १४८. तायारीनची थाळी समोर आली. अर्धी संपल्यावर मीच घरमालकांना खूण केली आणि अण्णांच्या पेल्यात दोन बोटे बार्बारेस्को ओतायला सांगितली, सुमारे ६० मिलिलिटर. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "गोळ्या?" "विचार करून सांगतेय," मी म्हटले. ही परवानगी माझ्या रुग्णाला, त्याच्या तपासण्या पाहून, मी दिलेली होती. आपण ती आपल्या डॉक्टरांकडून घ्या, या लेखावरून नव्हे.

त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "जांभळासारखी तुरट आहे," म्हणाले. मग पास्त्याचा घास, मग आणखी एक घोट. "पण घासाबरोबर बरी लागते." पेल्यात उरलेली त्यांनी तशीच ठेवली आणि आईच्या पोलेन्त्याकडे वळले. चाळीस वर्षांची उत्सुकता दोन घोटांत शमली होती. त्यांना दारू नको होती; आपण पिकवलेल्या फळाचे पुढे काय होते, ते जाणायचे होते. मी नुसतीच बंदी घातली असती, तर हे मला कधी कळले नसते.

सोबत करणाऱ्यांना म्हणूनच माझे सांगणे आहे की, आपल्या ज्येष्ठांना 'नको' म्हणण्यापूर्वी त्यांना नेमके काय हवे आहे ते विचारा. आणि ज्येष्ठांना सांगणे हे की, भूक लागली की संकोच न करता बोला. प्रेक्षणीय स्थळ कोठे पळून जात नाही. यादीत औषधांच्या खाली एक ओळ वाढवा : "दुपारचे जेवण, साडेबारा, जागा राखली." आमच्या दवाखान्यातील प्रवासाच्या चिठ्ठीवर ती ओळ आता मी स्वतःच्या हाताने लिहिते.